एक ब्रास रेती, घारापुरीपर्यंत

वद्य द्वितीया होती. होडीवाल्या तांडेलकाकांनी आदल्या रात्री फोनवर एवढंच सांगितलं, "उद्या दीडला पूर भरती. दहाला बंदरावर या." किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल ती भरतीची वेळ. द्वितीया म्हणजे दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. घारापुरीत घर बांधायचं तर गवंड्याच्याही आधी हा हिशेब करावा लागतो.

आपण घारापुरीला जातो ते लेणी बघायला. गेटवेहून तासाभराची लाँच, मग पायऱ्या, त्रिमूर्ती, आणि संध्याकाळच्या लाँचनं परत. पण बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. मुंबईसमोर असली तरी ती रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतात. तिथल्या एका ओळखीच्या कुटुंबानं जुनं घर उतरवून नवं बांधायला घेतलं होतं. त्यांच्या एका खेपेबरोबर मी उरणच्या मोरा बंदरातून निघालो.

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट रेती. वजन साडेचार टनांच्या आसपास. आपल्याकडे ट्रक दाराशी येतो, फाळका उघडतो आणि दोन मिनिटांत ढीग ओतून निघून जातो. इथे हीच रेती आधी सिमेंटच्या रिकाम्या गोणींत भरावी लागते. पस्तीस-चाळीस किलोची एक, अशा सव्वाशे गोणी होतात. होडी लहान, म्हणून त्या दिवशी ऐंशी गोणी रेती आणि अठरा गोणी सिमेंट एवढंच जाणार होतं.

बंदर आणि होडी यांच्यामध्ये एक फळी टाकली होती. पाणी चढत होतं तसा फळीचा उतार कमी होत होता. चार जण ओझी वाहत होते. रिकाम्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ डोक्यावर, तिच्यावर रेतीची गोणी, आणि पावलं अगदी छोटी. फळीच्या मधोमध आलं की ती वाकते, वर उसळते. त्या उसळीबरोबरच पुढचं पाऊल पडलं पाहिजे. घाई केली तर तोल जातो, थांबलं तरी जातो. तांडेलकाका सुकाणूपाशी उभे राहून गोणी मोजत नव्हते, पाणी होडीच्या कडेला कुठवर आलं ते बघत होते. मधूनच म्हणायचे, "ही डावीकडे टाक." सिमेंट सगळ्यात शेवटी चढलं. त्याच्याखाली लाकडी फळ्या, वर दुहेरी ताडपत्री, ताडपत्रीची टोकं दोरीनं आवळलेली. लाटेचं पाणी आत गेलं की गोणीचा दगड होतो आणि तो दगडही पुन्हा उचलूनच टाकावा लागतो.

बारा वाजता होडी सुटली. समोर न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसत होत्या. १९८९ साली सुरू झालेलं ते बंदर. तिथे चाळीस फुटी कंटेनर मिनिटा-दोन मिनिटांत जहाजावरून खाली येतो. उत्तरेला अटल सेतू. जानेवारी २०२४ पासून त्या पुलावरून मोटारी बेटाजवळून जातात, पूल २१.८ किलोमीटर लांब आहे, पण त्याची एकही वाट बेटावर उतरत नाही. बेटापर्यंत न थकता पोचणारी एकच गोष्ट आहे, वीज. फेब्रुवारी २०१८ मध्ये साडेसात किलोमीटरची केबल समुद्राच्या तळातून टाकली गेली आणि तिन्ही गावांना कायमची वीज मिळाली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी मुंबईच्या डोळ्यांसमोरच्या गावात दिवा लागला, हे मला अजूनही सहज पचत नाही.

पाऊण तासात बेटाच्या धक्क्याला लागलो. आता उलटी घाई. तीन-साडेतीननंतर पाणी झपाट्यानं उतरतं आणि होडी चिखलात बसली की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. गोणी धक्क्यावर येत होत्या आणि घरातली माणसं, शेजारी, दोन पुतणे त्या वर नेत होते. घरधन्याची बायको जोत्याजवळच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढत होती. चार उभ्या, पाचवी आडवी. शेवटी तिनं रेघा मोजल्या. अठ्ठ्याण्णव. एकही कमी नाही. प्रत्येक गोण ट्रकमधून बंदरावर, बंदरावरून होडीत, होडीतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून घरी, अशी चार वेळा उचलली गेली होती. म्हणजे एका खेपेत जवळपास चारशे उचल.

हे पाहिल्यावर घराची मागची बाजू मला वेगळी दिसली. उतरवलेली मंगलोरी कौलं रांगेनं रचली होती, फुटकी वेगळी, धड वेगळी. जुनी सागवानी चौकट गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. घरातल्या म्हाताऱ्या आय म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं मचव्यातून आनली होती. ती नाय टाकायची." नव्या घराच्या पुढच्या दाराला तीच बसणार होती. समुद्र ओलांडून आलेली वस्तू या गावात सहसा टाकली जात नाही.

जोतंही जुनंच ठेवलं होतं. त्यामागे जिव्हाळा आहे तसाच कायदाही आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीची अट, आणि किनाऱ्याच्या बाजूनं सीआरझेडचे नियम. लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. ती जपलीच पाहिजेत. पण वर लेणी आणि खाली भरतीची रेषा यांच्यामध्ये गावाला वाढायला जागा थोडी. तीन भावांत वाटणी झाली तर अंगणाचं मोजमाप वितीनं होतं.

जी होडी रेती आणते तीच तांदूळ, औषधं आणि आजारी माणूसही नेते-आणते. पावसाळ्यात तीन नंबरचा बावटा लागला आणि वाहतूक थांबली की जे घरात असेल त्यावर भागवायचं. म्हणून छपराचं काम मेच्या आत उरकायची त्या घराची धडपड होती. उरलेल्या पंचेचाळीस गोणी दुसऱ्या दिवशी आल्या, तृतीयेच्या सव्वादोनच्या भरतीला.

बेटावरच्या घरांचा चिरा, वीट, सळई अशीच डोक्यावरून आली आहे. तुम्ही लेणी बघायला जाल तेव्हा धक्क्यावर फोटो काढताना समोरून ओझं घेतलेला माणूस आला, तर आधी बाजूला व्हा आणि त्याला वाट द्या. वाहनं धावतील असा रस्ता त्या गावांना नाही. तो धक्का हाच त्यांचा रस्ता आहे.