दवाखाना कोपीपर्यंत पोचला पाहिजे



गळीत हंगाम तोंडावर आला की आम्हा शेतकी खात्याच्या मंडळींना गावोगाव एकच प्रश्न ऐकावा लागतो, "साहेब, आमची तोड कधी?" लागणीची तारीख, जात, नोंदीचा नंबर पाहून आम्ही तोडणी कार्यक्रम सांगतो. उतारा, खोडवा, पाचट, ठिबक यांवर या पत्रिकेतून नेहमी लिहिले जाते. पण हा सगळा कार्यक्रम ज्यांच्या कोयत्यावर चालतो त्या माणसांच्या प्रकृतीविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. या अंकात तो विषय घ्यावा असे आम्ही ठरवले आहे.

बीड, जालना, परभणी, तसेच पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, आपल्या शिवारात राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो आणि तो पैशातून वळता होतो. पहाटे अंधारात फड सुरू. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. संध्याकाळी कोपीवर येऊन चूल पेटवायची, पाणी भरायचे. रात्री गाडी भरायला आली तर पुन्हा उठायचे. संडास-न्हाणीची सोय नाही. ज्या बाईची पाळी चालू असेल किंवा जिला दिवस गेले असतील, तिचे काय होत असेल ते आपल्या घरातल्या लेकीसुनांना विचारावे.

याचा परिणाम काय झाला ते २०१९ साली उघड झाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. त्या वेळी ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यातल्या बहुसंख्य शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झालेल्या होत्या.

आता हे केवळ डॉक्टरी प्रकरण आहे असे समजून सोडून देता येणार नाही. मुळाशी जाऊन बघा. मुलीचे लग्न लवकर होते, कारण जोडी असली की पुरा कोयता मिळतो. बाळंतपणे लवकर होतात. विसाव्याविना मोळ्या उचलल्या जातात. स्वच्छतेची सोय नसल्याने अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते. हंगामात दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. शेवटी कुणीतरी सांगतो, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." ऑपरेशनसाठी कर्ज काढले जाते आणि ते फेडायला पुढच्या वर्षीची उचल घ्यावी लागते. लहान वयात अंडाशयासकट पिशवी काढली तर हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि कंबर धरली तरी बाईला पुन्हा फडातच उभे राहावे लागते. औषधाने भागणारा आजार गरिबीमुळे शस्त्रक्रियेपर्यंत जातो, आणि शस्त्रक्रियेने गरिबी आणखी वाढते.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, पाने पिवळी होतात. आपण हिरकस फवारतो, पान हिरवे होते. पण जमिनीत चुना आहे तोवर पुन्हा पिवळेपणा येतोच. म्हणून शेणखत, हिरवळीचे खत, निचरा असे मुळापासून उपाय करावे लागतात. माणसाचेही तसेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. लोहाच्या गोळ्या हव्यातच. पण पोटाला पुरेसे नाही आणि अंगावर काम बेसुमार, असे असेल तर नुसती गोळी कुठवर पुरणार?

यावर उपायच नाही असे मात्र नव्हे. तो बीड जिल्ह्याला लागूनच, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला होऊन गेला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले. दवाखान्यात बसून रोगी तपासत राहिलो तर तीच मुले तेच आजार घेऊन परत येतात, हे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी आधी पाणी आणि अन्न हाती घेतले. गावोगाव शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे उभी केली. हातपंप बसवताना ते दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले. गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, आरोग्याचे शिक्षण दिले. गरोदर बाई तपासणे, बाळाचे वजन घेणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजणे ही कामे त्या करू लागल्या. बालमृत्यू झपाट्याने खाली आले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७८ साली अल्मा-आता येथे जागतिक परिषदेने जे सांगितले, की आरोग्यसेवा लोकांच्या दारी आणि लोकांच्या सहभागाने चालावी, ते जामखेडला आधीच सुरू झाले होते.

जामखेडचे काम संस्थेचे होते, पण तो धडा पुढे सरकारी व्यवस्थेतही आला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई नेमण्यात आली. सपाटीच्या भागात ५,००० लोकसंख्येला उपकेंद्र आणि ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र असा दंडक आहे. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचारही मोफत केले आहेत.

मग अडते कुठे? अडते ते नोंदीत. दवाखान्याची यादी गावच्या वस्तीवरून होते, आणि टोळी तर आज या गावी, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. बाईचे नाव तिच्या मूळ गावच्या रजिस्टरात, आणि बाई आपल्या फडात. दसऱ्याला जन्मलेल्या बाळाचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस नेमके हंगामात येतात. गरोदरपणात किमान चार तपासण्या हव्यात, १८० दिवस लोहाच्या गोळ्या हव्यात. सहा महिने बाई नजरेआड गेली की सगळे चुकते.

टोळी कुठे उतरली आहे हे आरोग्य केंद्राला ठाऊक नसते. पण आपल्या गट ऑफिसला ठाऊक असते, चिटबॉयला ठाऊक असते, आणि ज्याच्या रानात कोप्या पडल्या त्या सभासदाला तर असतेच. म्हणून आमची सुचवणी अशी :

१. टोळी उतरली की आठवड्याच्या आत गरोदर बायका, अंगावरचे दूध पाजणाऱ्या माता आणि पाच वर्षांखालील मुलांची यादी करावी. चिटबॉयने ती गट ऑफिसमार्फत उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे आणि आशाताईंकडे द्यावी. टोळी हलली की नव्या गावाला तसे कळवावे.

२. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आहे का, ते विचारावे. कार्ड हरवले असेल तरी लस नाकारू नये, अशी विनंती नर्सबाईंना करावी.

३. नर्सबाईंची कोप्यांवरची फेरी संध्याकाळी किंवा फड बंद असेल त्या दिवशी ठेवावी. दुपारी बारा वाजता कोपीत कोणी भेटत नाही.

४. कोप्यांसाठी विहीर-बोअरचे चांगले पाणी द्यावे, पिण्याच्या पाण्यात औषध टाकावे, आणि बायकांसाठी आडोशाची न्हाणी व संडास करावा. चार पत्रे आणि एक खड्डा एवढेच लागते.

५. रेशनचे धान्य आता कामाच्या गावीही उचलता येते. रेशन दुकानदाराशी आणि अंगणवाडीताईंशी सभासदाने एक शब्द टाकावा. परक्या गावात मजुराच्या शब्दाला वजन नसते, तुमच्या शब्दाला असते.

६. गरोदर किंवा आजारी बाईचा दवाखान्याचा दिवस खाड्यात धरू नये, हे करार करतानाच मुकादमाला बजावावे.

काही सभासद म्हणतील, "हा मुकादमाचा विषय, आपल्याला काय करायचे?" बंधूंनो, ऊस आपला, रान आपले, कारखाना आपला. आजारी टोळीमुळे तोड लांबते, ऊस वाळतो, वजन घटते, हा हिशेब आहेच. पण तो बाजूला ठेवू. एकट्या शेतकऱ्याला भांडवल जमत नव्हते म्हणून आपल्या वाडवडिलांनी छोटे छोटे शेअर गोळा करून कारखाने उभे केले. त्या सहकारात कोयतेवाल्याचा शेअर नाही, घाम मात्र आहे. त्याच्या घामाचे देणे नुसत्या तोडणी दरात फिटत नाही.

राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ झाले आहे, त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहे निघाली आहेत. त्यांचे काम त्यांनी करावे. आपल्या बांधावरचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल. या हंगामात मोळी टाकण्याच्या आधी प्रत्येक गटात सभासद, चिटबॉय, मुकादम, नर्सबाई आणि आशाताई यांची एक बैठक व्हावी. आपल्या गावची बैठक कोणत्या दिवशी घ्यायची, ते सभासदांनी आपल्या गट ऑफिसला कळवावे. त्या दिवशी आम्ही हजर राहू.