वर्णनात काय लिहायचे नाही?

फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेतील एका छोट्या ॲपची थोडी चर्चा झाली. 'फ्लॅश ऑफ जीनियस' हे त्याचे नाव. तिथल्या कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करून घेणे, हे त्याचे काम. गूगलच्या अँड्रॉइड स्पर्धेत ते अंतिम फेरीत पोचले होते आणि कर्त्याने आयफोनच्या ॲप स्टोअरवरील वर्णनात तसे लिहिले होते. ॲपलने त्याला ते वाक्य काढायला सांगितले. वाक्य खरे होते. पण त्यात प्रतिस्पर्ध्याचे नाव होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपलने आपली तपासणीची नियमावली प्रथमच जाहीर केली. दुसऱ्या मोबाइल प्रणालीचे नाव वर्णनात आले तर ॲप नाकारले जाईल, असे त्यात स्पष्टच म्हटले होते.

वर्गात हे सांगितले की मुले लगेच 'ही दादागिरी आहे' म्हणतील. पण जरा थांबू या.

ॲपच्या पानाचे वाचक दोन असतात. एक आपण, दुसरी त्या दुकानाची शोधयंत्रणा. आपण शोधचौकटीत शब्द लिहितो, तेव्हा यंत्रणा ते शब्द कोणत्या ॲपच्या नावात वा माहितीत आहेत ते पाहते. आता समजा, मी पाढ्यांचे एक साधे ॲप केले आणि माहितीत वीस प्रसिद्ध ॲपची नावे ओळीने घातली. ती शोधणाऱ्या प्रत्येकासमोर माझे पाढे येऊ लागतील! सगळ्यांनीच असे केले, तर शोधून मिळालेल्या यादीला काही अर्थ उरणार नाही. रेडिओवर खरखर वाढली की बातम्या ऐकू येईनाशा होतात, तसेच हे. म्हणून गूगलच्या प्ले स्टोअरने २०२१ मध्ये ॲपच्या नावाची मर्यादा ३० अक्षरांवर आणली आणि नावात 'सर्वोत्तम', 'क्रमांक एक', 'मोफत' अशा शब्दांना बंदी केली. निनावी ग्राहकांची प्रशस्तिपत्रे वर्णनात छापायलाही तिथे मनाई आहे. हे नियम मला योग्य वाटतात.

'मला स्पर्धेत यश मिळाले' या वाक्याने मात्र कसली खरखर वाढते? इथे नियम ग्राहकासाठी नसून दुकानदारासाठी आहे. आणि याच जातीचा दुसरा नियम थेट आपल्या खिशाशी येतो.

ॲपमधून डिजिटल वस्तू किंवा वर्गणी विकली की दुकान दलाली घेते. ॲपलचा मूळ दर ३० टक्के. छोट्या व्यावसायिकांसाठी तो २०२१ पासून १५ टक्के झाला. म्हणजे १०० रुपयांच्या वर्गणीतले ७० निर्मात्याला. त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर तीच वर्गणी ८० रुपयांना दिली, तर त्याचेही भागते आणि आपलेही २० रुपये वाचतात. पण 'आमच्याकडे स्वस्त आहे' हे ना ॲपमध्ये सांगायचे, ना वर्णनात, असा ॲपलचा नियम होता. विक्रेत्याला मालाची माहिती असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवले. इथली गंमत वेगळी आहे. विक्रेता सांगायला उत्सुक आहे, मधला माणूस त्याच्या तोंडावर हात ठेवतो. आणि आपल्यापासून काही लपवले गेले आहे, याचीही ग्राहकाला कल्पना नसते.

न्यायालये आणि स्पर्धा-नियामक नेमके इथेच अडले. अमेरिकेतील न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलला ही आडकाठी काढायला सांगितले. आदेश नीट पाळला नाही, असा ठपका एप्रिल २०२५ मध्ये ठेवला. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये, संगीताच्या ॲपना बाहेरचे स्वस्त दर सांगू दिले नाहीत म्हणून, ॲपलला १८० कोटी युरोंहून अधिक दंड केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड करताना, निर्मात्यांना आपल्या ग्राहकांशी बोलण्यापासून रोखू नये, असेही बजावले. मार्च २०२५ मध्ये अपिलात दंड सुमारे २१६ कोटींवर आला.

वर्गात एक उपक्रम करता येईल. वर्गणी घेणारी तीन-चार ॲप निवडावीत. प्रत्येकाची ॲपमधली किंमत आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरची किंमत शेजारी-शेजारी मांडावी, आणि तिसऱ्या रकान्यात, हा फरक वर्णनात कुठे सांगितला आहे का, ते लिहावे. मुदत सारखी आहे ना, महिन्याची की वर्षाची, हे आधी पाहून घ्यावे; मुले तिथे हमखास चुकतात.