मोठ्यांचे सिनेमे, लहानांची खेळणी

मोठ्यांसाठी काढलेला सिनेमा खेळणे होऊन मुलांच्या हाती येतो, ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत रॅम्बोचा 'फर्स्ट ब्लड' (१९८२) आणि 'रोबोकॉप' (१९८७) या चित्रपटांना सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नव्हता. तरीही १९८६ व १९८८ साली त्यांच्यावर कार्टून मालिका निघाल्या, बाहुल्याही विकल्या गेल्या.

आपल्याकडे 'सिंघम' (२०११) वरून २०१८ साली 'लिटल सिंघम' आणि 'सिम्बा' (२०१८) वरून २०२० साली 'स्मॅशिंग सिम्बा' आले. मूळ 'सिम्बा'त बलात्काराचे आरोपी पोलीस ठाण्यातच मारले जातात आणि त्याला चकमकीचे रूप दिले जाते. कार्टूनमधून असली दृश्ये गेली, हे ठीकच. पण ठोसा लगावला की न्याय झाला, हा समज मुलांच्या मनात राहतोच.

पालकहो, जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मूल टिकल्यांचे पिस्तूल मागते, तेव्हा त्याला रागावून ओढत नेऊ नये, असे आम्हाला वाटते. खेळू द्यावे. मात्र घरी विचारावे, "चोर पकडलास, आता पुढे काय?" अटक केलेल्यास, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते. तेव्हा खेळात एकाला न्यायाधीश, एकाला वकील करावे. उद्या एखादा निरपराध पोरगा पकडला गेला, तर त्याला सोडवणारे हेच दोघे असतात. आपल्या वस्तीतल्या मुलांना हे लहानपणीच कळलेले बरे.