एन.डी.ए.चे गुण कसे वाचावेत?

सैन्यात शिपाई, हवालदार, सुभेदार म्हणून नोकरी केलेली माणसे आपल्या वस्त्यांत आणि नात्यागोत्यात पुष्कळ सापडतात. त्यांची मुले-नातवंडे आता अधिकारी होण्याची इच्छा बोलून दाखवतात, ही आनंदाची गोष्ट आहे. बारावीनंतर अधिकारी होण्याचा एक मोठा रस्ता पुण्याजवळच्या खडकवासल्यातून, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून म्हणजेच एन.डी.ए.तून जातो. तिची प्रवेशपरीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो.

परंतु या परीक्षेचे गुण जाहीर करण्याची रीत आपल्या दहावी-बारावीच्या निकालाहून अगदी वेगळी आहे. ती न समजल्यामुळे चांगली मुले आकडे पाहूनच घाबरतात आणि मागे फिरतात. उलट काही घरांत अर्ध्या वाटेवरच पेढे वाटले जातात. दोन्हीकडे नुकसान मुलाचेच होते. म्हणून हा हिशेब आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

दोन बेरजा : ९०० आणि १८००

लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात गणिताचा पेपर ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमता चाचणीचा पेपर ६०० गुणांचा. या दुसऱ्या पेपरातील २०० गुण इंग्रजीचे, उरलेले ४०० गुण विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी वगैरेंचे. प्रत्येक पेपरला अडीच तास. लेखी परीक्षेत निवडलेल्या उमेदवारांना सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, म्हणजे एस.एस.बी.च्या मुलाखतीला बोलावतात. तिलाही ९०० गुण. दोन्ही मिळून १८००.

आता घोटाळा होतो तो इथे. आयोग प्रत्येक परीक्षेचे दोन कट-ऑफ प्रसिद्ध करतो. पहिला लेखीचा, ९०० पैकी. दुसरा अंतिम निवडीचा, १८०० पैकी. २०२२ च्या पहिल्या परीक्षेत लेखीचा कट-ऑफ ३६० होता आणि अंतिम कट-ऑफ ७२०. हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले आणि एकूण गुण लिहिले नाहीत, की ७२० हा आकडा लेखीचाच वाटतो. मग ‘९०० पैकी ७२० म्हणजे ऐंशी टक्के! हे आपल्याला कसे जमणार?’ असे म्हणून मुलगा अर्जच भरत नाही. वास्तविक ७२० हे १८०० पैकी आहेत, म्हणजे बरोबर चाळीस टक्के. म्हणून कोणताही आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा : ‘किती पैकी?’

तेहतीस टक्के म्हणजे नापास नव्हे

शाळेत पस्तीस टक्क्यांना पास म्हणतात, म्हणून त्याच्या आसपासचे गुण आपल्याला लाजिरवाणे वाटतात. इथे तो मापदंड लावू नये. २०२४ च्या पहिल्या परीक्षेत लेखीचा कट-ऑफ २९१ होता, म्हणजे जेमतेम सव्वाबत्तीस टक्के. अंतिम कट-ऑफ ६५४. घरी सराव पेपर सोडवून ज्या मुलाला ३०० गुण पडतात, तो बापाच्या नजरेत काठावर असतो. पण त्या वर्षीच्या लेखी परीक्षेत तो निवडला गेला असता.

कट-ऑफ आधी ठरलेला नसतो. जागा किती, पेपर किती अवघड आणि इतर उमेदवारांनी कसे लिहिले, यावर तो दर वेळी वरखाली होतो. ३६० आणि २९१ या दोन आकड्यांमध्ये दोनच वर्षांचे अंतर आहे. म्हणून मागच्या एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. चार-पाच वर्षांचे आकडे समोर ठेवून त्यातील सर्वांत वरच्या आकड्याची तयारी करावी.

आणखी एक अट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नुसती बेरीज पुरत नाही, प्रत्येक विषयात किमान गुण लागतात. ही मर्यादा आयोग ठरवतो. २०२२ च्या पहिल्या परीक्षेत ती २५ टक्के होती, म्हणजे गणितात ७५ आणि सामान्य क्षमतेत १५०. समजा, त्या वर्षी एखाद्याला दुसऱ्या पेपरात ३३० आणि गणितात ७० पडले. बेरीज ४०० झाली, कट-ऑफपेक्षा चाळीस जास्त. तरी तो बाहेर, कारण गणितात पाच गुण कमी पडले. ‘गणित सोडून बाकीचे करू’ हा सल्ला कोणी दिला, तर तो कानाआड करावा.

चुकीच्या उत्तराची वजाबाकी

गणितात १२० प्रश्न, बरोबर उत्तराला अडीच गुण. सामान्य क्षमतेत १५० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण. उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या एकतृतीयांश गुण कापतात. म्हणजे तीन चुकीची उत्तरे एका बरोबर उत्तराची कमाई खाऊन टाकतात. प्रश्न कोरा सोडला तर काहीच कापत नाहीत.

आकड्यांत पाहू. एका मुलाने गणितात ६० उत्तरे बरोबर दिली आणि बाकीचे प्रश्न सोडून दिले. त्याला १५० गुण. दुसऱ्याने तेवढीच बरोबर दिली, पण आणखी ३० ठिकाणी अंदाजाने गोळे भरले आणि ते सगळे चुकले. त्याचे जवळजवळ २५ गुण गेले, हाती राहिले १२५. दोघांचा अभ्यास सारखा, पण गुणांत पंचवीसचा फरक! म्हणून सराव पेपर तपासताना फक्त बरोबर उत्तरे मोजू नयेत. जमा आणि वजा असे दोन रकाने आखावेत. वहीतला आकडा खरा असेल, तरच पुढचा अंदाज खरा निघेल.

निकालात गुण का दिसत नाहीत?

लेखीचा निकाल लागतो तेव्हा आयोग फक्त रोल नंबरांची यादी लावतो. गुण नाहीत, क्रमांक नाही. गुणपत्रिका मिळते ती मुलाखती संपून अंतिम निकाल लागल्यावर. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत ती आयोगाच्या वेबसाइटवर ठेवतात आणि तीस दिवसांनी काढून घेतात. तेवढ्यात ती उतरवून घ्यावी आणि कागदावर छापून जपून ठेवावी. पहिल्या प्रयत्नात निवड झाली नाही, तरी कुठे कमी पडलो हे त्याच कागदावरून समजते.

लेखीच्या यादीत नंबर आला, की आणखी एक काम लगेच करायचे असते. दोन आठवड्यांच्या आत ‘जॉइन इंडियन आर्मी’ या वेबसाइटवर नाव नोंदवायचे. ती नोंद झाल्यावरच मुलाखतीचे ठिकाण आणि तारीख मिळते. निकालाच्या आनंदात ही मुदत विसरू नये.

एस.एस.बी.ची निवड पाच दिवस चालते. पहिल्या दिवशीच्या चाचणीत जे उतरत नाहीत, त्यांना त्याच दिवशी परत पाठवतात. बाकीच्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटाची कामे आणि मुलाखत होते. शेवटी शिफारस झाली की नाही एवढेच सांगतात. गुण तेव्हाही सांगत नाहीत. ज्याची शिफारस झाली नाही, त्याचे लेखीचे गुण कितीही असोत, तो गुणवत्ता यादीत येत नाही.

ज्यांची शिफारस होते, त्यांची मग बेरीज होते. २०२४ च्या पहिल्या परीक्षेचेच उदाहरण घेऊ. लेखीत काठावर, २९१ गुणांवर निवडलेल्याला ६५४ पर्यंत पोहोचायला मुलाखतीत ३६३ गुण हवे होते. लेखीत ३५४ मिळवलेल्याला ३०० पुरले असते. लेखीतला प्रत्येक जादा गुण मुलाखतीचे ओझे तेवढे कमी करतो.

अंतिम यादी गुणांच्या क्रमाने लागते. ती लावताना वैद्यकीय तपासणीचा निकाल धरलेला नसतो, आणि जागांपेक्षा यादीत नावे जास्त असतात. एका परीक्षेला जागा साधारण चारशे. म्हणजे यादीत नाव आले तरी प्रवेशाचे पत्र हाती पडेपर्यंत वस्तीत फ्लेक्स लावण्याची घाई करू नये.

सवलत कुठे आहे, कुठे नाही

अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना परीक्षा फी नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीचा दर्जा बौद्धांनाही लागू झाला आहे. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवावा. मात्र जागांत आरक्षण नाही आणि वयात सवलत नाही. कट-ऑफही जातीप्रमाणे वेगवेगळा नसतो. हे पालकांनी स्वच्छ समजून घ्यावे, म्हणजे चुकीच्या आशेवर दिवस जाणार नाहीत. बारावीचे टक्केही या बेरजेत धरत नाहीत. कोणाला बारावीत साठ टक्के पडले म्हणून त्याचा रस्ता बंद होत नाही आणि नव्वद पडले म्हणून उघडत नाही. बारावी पास मात्र व्हावेच लागते, आणि नौदल व हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय लागतात.

प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीचे २०० गुण डोळ्यांसमोर ठेवून आठवीपासूनच रोज थोडे इंग्रजी वाचावे. छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. दहावीनंतर तिची प्रवेशपरीक्षा देता येते. खासगी क्लासला मोठी रक्कम मोजण्याआधी तिची चौकशी करावी.

मुलींनीही आता मागे राहू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर त्यांना ही परीक्षा खुली झाली. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातील १७ जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

कोणी क्लासवाला ‘आमच्या इतक्या मुलांची निवड झाली’ असे सांगू लागला, तर पालकांनी त्याला न भिता विचारावे : ही निवड लेखीची की अंतिम? कोणत्या वर्षीची? गुण किती पैकी? त्यांची गुणपत्रिका दाखवता का? अक्षरओळख असलेल्या कोणत्याही आई-बापाला हे चार प्रश्न विचारता येतील. उत्तर सरळ आले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत आणि मुलाला आयोगाचे जुने पेपर आणून द्यावेत.