अक्षर मोठे करावे, वाचन सोडू नये





हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्याच्या एका गावात आमचे एक वयोवृद्ध धर्मशिक्षक आहेत. गाव त्यांना 'मास्तर' म्हणूनच ओळखते. धर्मगुरू महिन्यातून एकदोन वेळाच पोहोचू शकतात अशा त्या वस्तीत रविवारची प्रार्थना चालवणे, मुलांना धर्मशिक्षण देणे आणि मिस्साच्या वेळी पहिले वाचन करणे ही कामे त्यांनी अनेक वर्षे निष्ठेने केली. मध्यंतरी एका रविवारी त्यांनी वाचनासाठी नातवाला पुढे केले. विचारले तेव्हा म्हणाले, "फादर, घसा बसलाय. पोराला वाचू द्या." पुढच्या भेटीतही घसा बसलेलाच होता. तिसऱ्या भेटीत मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा खरे कारण कळले. रविवारच्या वाचनांची तयारी ते मुलाने आणलेल्या लॅपटॉपवर करीत असत. त्यांनी तो उघडून माझ्यापुढे ठेवला आणि हळूच म्हणाले, "अक्षरं मुंग्यावानी दिसतेत, फादर. चुकीचं वाचण्यापरीस न वाचलेलं बरं."

ती अक्षरे मोठी करण्यास एक मिनिटही लागले नाही. परंतु त्या एका मिनिटाची माहिती नसल्यामुळे एका सेवकाने आपली सेवा जवळजवळ सोडून दिली होती. आपल्या धर्मप्रांतात असे किती जण गप्प बसले असतील, हा विचार मनातून जाईना. म्हणून संगणकाच्या पडद्यावरील अक्षर मोठे व सुवाच्य कसे करावे, हे या लेखात क्रमाने सांगत आहे.

अक्षर का दिसत नाही?

पहिले कारण डोळ्यांचे. साधारणतः चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होत जाते आणि जवळचे अक्षर अस्पष्ट दिसू लागते. 'चाळिशी लागली' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगीच आलेला नाही. हा दोष आळसाचा नाही आणि लाजेचाही नाही.

दुसरे कारण आपल्या लिपीच्या घडणीत आहे. इंग्रजी अक्षर बहुतांशी एका ओळीत सरळ बसते. देवनागरी अक्षराला मात्र शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार लागतात, तर खाली उकार आणि ऋकार लागतात. शिवाय 'द्ध', 'ष्ट्र', 'क्ष्म' अशी जोडाक्षरे एकाच अक्षराच्या जागेत दाटीने बसवावी लागतात. त्यामुळे एकाच आकड्याच्या मापात इंग्रजी मजकूर स्वच्छ दिसतो आणि मराठी मजकूर बारीक वाटतो. पडद्यावरील प्रत्येक अक्षर लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. अक्षर लहान असले की गाठ, टिंब किंवा रफार यांच्या वाट्याला दोनतीन ठिपकेच येतात. मग 'भार' आणि 'मार', 'धन' आणि 'घन' यांतील भेद पुसला जातो. शास्त्रवाचनात 'भार' या शब्दाच्या जागी 'मार' वाचला गेला तर काय अर्थ होईल, हे सांगावयास नको. मास्तरांची भीती अनाठायी नव्हती.

संगणकावर काय करावे?

सर्वांत सोपा उपाय असा. कळफलकाच्या अगदी खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात, किंवा काही लॅपटॉपवर कोपऱ्यालगत, 'कंट्रोल' ही कळ असते. ती दाबून धरावी आणि वरच्या आकड्यांच्या ओळीतील अधिक चिन्हाची (+) कळ एकेकदा दाबावी. प्रत्येक वेळी समोरचे पान थोडे मोठे होते. कंट्रोल धरून वजा चिन्ह (-) दाबल्यास ते लहान होते आणि कंट्रोल धरून शून्य दाबल्यास पूर्ववत होते. कंट्रोल धरून माऊसचे चाक फिरवले तरी हेच घडते. क्रोम, फायरफॉक्स आणि एज या तिन्ही प्रणालींत ही रीत चालते. ॲपलच्या संगणकावर कंट्रोलऐवजी 'कमांड' ही कळ वापरावी. एकदा मोठे केलेले पान क्रोम लक्षात ठेवते, त्यामुळे तेच संकेतस्थळ पुन्हा उघडले की अक्षर मोठेच दिसते. बहुतेकांना दीडशे टक्के पुरेसे होते, पण दोनशेपर्यंत जाण्यास संकोच करू नये.

पानाच्या कडेला चित्रे व जाहिराती असतील आणि मूळ मजकूर शोधावा लागत असेल, तर फायरफॉक्स किंवा एज यांमध्ये वरच्या ओळीतील 'एफ ९' ही कळ दाबून पाहावी. ज्या लेखांना ही सोय लागू होते, तेथे चित्रे बाजूला होऊन केवळ लेख उरतो आणि त्याचे अक्षर, ओळींमधील अंतर व पार्श्वभूमीचा रंग आपल्या सोयीने बदलता येतो.

वरील उपाय फक्त संकेतस्थळांच्या पानांपुरते आहेत. संगणकावरील सर्वच नावे व सूचना मोठ्या हव्या असतील, तर विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज' उघडून 'ॲक्सेसिबिलिटी' व त्यातील 'टेक्स्ट साइज' येथे जावे. तेथील सरकपट्टी उजवीकडे नेल्यास अक्षरे सव्वादोनशे टक्क्यांपर्यंत मोठी होतात. जुन्या विंडोज १० मध्ये हीच सोय 'ईज ऑफ ॲक्सेस' या नावाखाली आहे. अगदीच कमी दिसत असेल तर विंडोजचे चिन्ह असलेली कळ धरून अधिक चिन्ह दाबावे, म्हणजे पडद्यावर भिंग धरल्यासारखे दृश्य मोठे होते. ते बंद करण्यासाठी तीच कळ धरून डाव्या वरच्या कोपऱ्यातील 'एस्केप' दाबावे.

येथे एक चूक टाळावी. काही जण अक्षर मोठे व्हावे म्हणून पडद्याचे 'रेझोल्युशन' कमी करतात. त्याने अक्षर मोठे होते खरे, पण त्याच्या कडा धूसर होतात आणि वाचणे पूर्वीपेक्षा कठीण होते. 'रेझोल्युशन' सूचनेप्रमाणेच ठेवावे आणि त्याच ठिकाणी असलेल्या 'स्केल' या सोयीने आकार वाढवावा.

मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठीही सोय आहे. अँड्रॉइड फोनमध्ये 'सेटिंग्ज' व 'डिस्प्ले' यांमध्ये 'फॉन्ट साइज' सापडतो, तर आयफोनमध्ये 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस' या ठिकाणी 'टेक्स्ट साइज' आहे.

मोठे करूनही वाचता येत नाही तेव्हा

येथे मजकूर पाठवणाऱ्याची जबाबदारी सुरू होते. धर्मग्रामातील सूचना अनेकदा कागदाचे छायाचित्र काढून पाठवल्या जातात. छायाचित्र म्हणजे अक्षरे नव्हेत, ते अक्षरांचे चित्र असते. ते ताणले की ठिपकेच मोठे होतात आणि अक्षर फाटल्यासारखे दिसते. म्हणून सूचना टंकलिखित करून पाठवावी. तसे केल्याने दृष्टिहीन व्यक्तीच्या संगणकालाही ती मोठ्याने वाचून दाखवता येते. छायाचित्रातून ते सहजासहजी होत नाही.

दुसरी अडचण जुन्या टंकांची. नव्वदच्या दशकात आपण 'शिवाजी', 'कृतिदेव' यांसारखे टंक वापरत होतो. त्यांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो टंक ज्याच्या संगणकावर नाही, त्याला मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. ती कितीही मोठी केली तरी अर्थ लागत नाही. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. पुढे विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी टंक सर्वत्र पोहोचला. त्याचे रेखाटन आपल्या महाराष्ट्राचे थोर अक्षरकार प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी केले होते. संस्थांच्या कपाटांत व संगणकांत जुन्या टंकांतील प्रार्थना आणि गीते पडून असतील, तर ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. अन्यथा पुढच्या पिढीसाठी ती असून नसल्यासारखी होतील.

वाचता येईल असे मराठी अक्षर ही आपल्या ख्रिस्तसभेची फार जुनी तहान आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले, तेव्हा मराठी अक्षरांचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. प्रा. शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती पुण्यातून प्रसिद्ध केली ती १९५६ साली. ज्या भाषेत ग्रंथ रचला, त्या भाषेच्या अक्षरांत छापून येण्यासाठी त्याला ३४० वर्षे थांबावे लागले. आज एका कळीवर मिळणाऱ्या अक्षराचे मोल त्यावरून जाणावे.

सूचना व पत्रके तयार करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी पाळाव्यात. पांढऱ्यावर काळे अक्षर सर्वांत उत्तम, म्हणून फुलांच्या किंवा मेणबत्त्यांच्या चित्रावर मजकूर लिहू नये. दोन ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडत नाहीत. छापील पत्रक वृद्धांसाठी असेल तर अक्षराचे माप किमान १८ ठेवावे. पडद्यावर अक्षर मोठे केल्याने छापील अक्षर मोठे होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. छापण्यासाठी मजकूर निवडून टंकाचे मापच वाढवावे लागते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही, मजकूर दोनशे टक्के मोठा केला तरी काहीही झाकले जाऊ नये, अशी अपेक्षा आहे. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. सर्वांना माहिती मिळावी हा केवळ दयेचा नव्हे, तर हक्काचा विषय आहे.

एक सावधानता

अक्षर मोठे करणे हा डोळ्यांच्या तपासणीला पर्याय नाही. अक्षर पुनःपुन्हा मोठे करावे लागत असेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील, एका डोळ्याने कमी दिसत असेल किंवा मधुमेह असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. मास्तरांचे असेच झाले. अक्षर दोनशे टक्के मोठे करूनही उजव्या डोळ्याने ते धूसरच दिसले, तेव्हा आम्ही त्यांना तपासणीसाठी पाठवले आणि मोतीबिंदू वेळेत कळला.

तसेच मिस्साच्या वेळी वाचन वाचनग्रंथातूनच व्हावे, ही ख्रिस्तसभेची शिस्त आहे. संगणक हा घरच्या तयारीसाठी आहे. आठवडाभर मोठ्या अक्षरात दोनतीन वेळा वाचलेला उतारा रविवारी ग्रंथातून वाचताना ओळखीचा वाटतो आणि जीभ अडखळत नाही.

संत पौलाची मोठी अक्षरे

संत पौल आपली पत्रे बहुधा लेखनिकाकडून लिहवून घेत असे. परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो स्वतः लेखणी हाती घेतो आणि आपण किती मोठ्या अक्षरांत लिहीत आहोत याकडे वाचकांचे लक्ष वेधतो. त्याची दृष्टी अधू असावी असे काही भाष्यकार मानतात, तर मुद्द्यावर भर देण्यासाठी त्याने तसे केले असे इतर म्हणतात. कारण काहीही असो, मोठ्या अक्षरांत लिहिण्याची त्या प्रेषिताला लाज वाटली नाही. हबक्कूक संदेष्ट्यालाही देवाने आज्ञा केली ती दर्शन पाट्यांवर इतके स्पष्ट लिहिण्याची, की वाचणाऱ्याला ते सहज वाचता यावे.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत आपली कुटुंबे संख्येने थोडी आणि विखुरलेली आहेत. अशा ठिकाणी वाचणारा एक जण गप्प झाला तर साऱ्या वस्तीचे वाचन थांबते. म्हणून प्रत्येक धर्मग्रामातील तरुणांना माझी नम्र विनंती आहे. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर आपल्या आजीआजोबांजवळ आणि धर्मशिक्षकांजवळ बसावे, त्यांचा संगणक अथवा मोबाइल हाती घेऊन अक्षर त्यांना हवे तेवढे मोठे करून द्यावे आणि कोणती कळ दाबायची ते कागदावर लिहून ठेवावे. 'दिसतं का?' असे विचारू नये, कारण संकोचाने 'दिसतं' असेच उत्तर येते. एक ओळ वाचून दाखवण्यास सांगावे, म्हणजे खरे काय ते कळते.

मास्तर आता पुन्हा पहिले वाचन करतात. नातू शेजारी उभा असतो, पण पुस्तक आजोबांच्याच हाती असते.

प्रभू आपणा सर्वांच्या नेत्रांना प्रकाश देवो आणि त्याचे वचन आपल्या ओठी सदैव राहो.

आपला ख्रिस्तात,
संपादक