भूकंपाची रेघ काय सांगते?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. ६.२ हा त्या भूकंपाचा आकडा आपल्याला पाठ आहे. पण असा आकडा येतो कुठून, हे आपण सहसा विचारत नाही.

एसटी झटक्याने सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो. पाय गाडीबरोबर जातात, धड जागेवर राहू पाहते. भूकंपमापकाचे तत्त्व हेच. त्याची चौकट जमिनीबरोबर हलते, आत टांगलेले वजन मात्र जवळपास स्थिर राहते. दोघांमधला फरक कागदावर रेघ होऊन उमटतो. पूर्वी काजळी धरलेल्या, फिरत्या कागदावर सुई ती ओढत असे. आता वजनाच्या हालचालीचे विद्युत संकेत होतात आणि संगणक त्यांची रेघ काढतो. खाली-वर, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा तीन दिशांच्या तीन रेघा असतात.

रेघेवर आधी लहान थरथर दिसते. ती प्राथमिक लहर, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने येणारी. मागून येणारी दुय्यम लहर हळू, पण मोठे हेलकावे देणारी. दोघींमधले सेकंद मोजून त्यांना ८ ने गुणले की जवळच्या भूकंपाचे अंतर अंदाजे मिळते. १० सेकंदांचा फरक म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. तीन केंद्रांवरून अशी तीन वर्तुळे काढली, की ती जिथे मिळतात तिथे भूकंपाचे ठिकाण. रेघेच्या उंचीवरून आकडा ठरतो. आकडा १ ने वाढला तर रेघ १० पट उंच होते आणि ऊर्जा सुमारे ३२ पट.

महापरिनिब्बान सुत्तात आनंद तथागतांना भूकंपाची कारणे विचारतो. तथागत आठ कारणे सांगतात. त्यांतले पहिले नैसर्गिक आहे: पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर, वायू खवळला की पृथ्वी हलते. आजचे विज्ञान खडकांतला ताण आणि भेगा दाखवते. त्या काळचे उत्तर आज टिकत नाही, हे मान्य करण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये. कारण शोधावे, ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, हे कालाम सुत्ताने आपल्याला शिकवलेच आहे.

म्हणूनच 'आज रात्री भूकंप होणार' असा संदेश मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नये. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणे आज कोणालाच जमत नाही. यंत्र घडलेले नोंदवते.

आपल्या हाती आहे ते बांधकाम. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. गावात विहार किंवा घर बांधताना जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावा. अभियंत्याला तसे स्पष्ट विचारावे. हा खर्च वाचवू नये.