नोंदवहीबाहेरचा गडी

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, तो झेलणारा आणि तो घेऊन पळणारा या तिघांच्या नावावर यार्डायार्डाचा हिशेब जमा होतो. त्यांच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या पाच धिप्पाड गड्यांच्या खात्यात मात्र जवळजवळ काहीच पडत नाही. समालोचकाच्या तोंडी त्यांचं नाव येतं ते बहुधा चूक झाली तरच. मग अशा खेळाडूची थोरवी ठरवायची कशावरून? संघाच्या हारजितीवरून, असं कुणीही चटकन म्हणेल. जो थॉमसची कारकीर्द पाहिली की हे उत्तर टिकत नाही.

थॉमस विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डचा. शिकला आणि खेळला मॅडिसनच्या राज्य विद्यापीठात. जानेवारी २००६मध्ये ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात बचावफळीतले गडी जायबंदी असल्यामुळे त्याला तिकडे उभं केलं आणि त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. तो शेवटच्या वर्षासाठी परतला, संघानं तेरापैकी बारा सामने जिंकले आणि महाविद्यालयीन लाइनमनसाठीची आउटलँड ट्रॉफी त्याला मिळाली. २००७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, क्लीव्हलँड ब्राउन्सनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा हा पठ्ठ्या वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत होता. त्या दिवशी पहिला निवडलेला क्वार्टरबॅक जामार्कस रसेल तीन हंगामांत लीगबाहेर गेला.

थॉमस खेळायचा लेफ्ट टॅकल. उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ याच बाजूला असते, म्हणून ही जागा जोखमीची. स्नॅप होताच, म्हणजे चेंडू खेळात येताच, डावा पाय मागे सरकवायचा, उजवा त्यामागे ओढायचा, पण पाय एकमेकांवर पडू द्यायचे नाहीत. कंबर खाली ठेवायची आणि समोरचा अंगावर येईपर्यंत हात राखून ठेवायचे. घाईनं हात टाकला की तो बगल देऊन निसटलाच. हे सगळं अडीच-तीन सेकंदांत, आणि तेही क्वार्टरबॅककडे पाठ करून. थॉमसच्या काळात ब्राउन्सचे विसेक क्वार्टरबॅक बदलले. कुणी चेंडू लगेच सोडी, कुणी धरून बसे, कुणी भलतीकडेच पळे. मागे कोण, कुठे आहे हे न बघता ताडायचं, हे कौशल्य कोणत्या रकान्यात लिहिणार?

एक आकडा मात्र त्याच्या नावावर आहे: सलग १०,३६३ स्नॅप. अशी मोजदाद सुरू झाल्यापासून इतके कुणी खेळलेलं नाही. यावर आक्षेप येतो की हजेरी म्हणजे गुणवत्ता नव्हे. शरीर धडधाकट राहिलं हे नशीब. अंशतः खरं आहे. पण पहिल्या दहाही हंगामांत त्याची प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली, आणि त्या निवडीत चाहत्यांइतकंच वजन खेळाडूंच्या आणि प्रशिक्षकांच्या मतांना होतं. लोकप्रियतेचा वारा हरणाऱ्या संघातल्या लाइनमनच्या पाठीशी दहा वर्षं कशाला राहील?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. त्याच्या अकरा हंगामांत ब्राउन्सनं ४८ सामने जिंकले, १२८ हरले. प्लेऑफचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मग एवढ्या वरच्या क्रमांकाची निवड वाया गेली का? माझ्या मते हा दोष संघ बांधणाऱ्यांचा. लेफ्ट टॅकल पडझड थांबवतो, गुण मिळवून देत नाही. नोव्हेंबर २०१५मध्ये त्याला डेन्व्हरला देण्याची बोलणी शेवटच्या टप्प्यात फिसकटली आणि त्याच हंगामात डेन्व्हरनं सुपर बोल जिंकला. त्याच्यावाचून जिंकला, हे आक्षेपकांच्या बाजूनं जातं, आणि ते मान्य करायलाच हवं: एकट्या लाइनमनवर विजेतेपद अडत नाही. पण मग एकट्या लाइनमनवर पराभवही लादता येत नाही. तो व्यवहार झाला असता तर तेच पाय, तेच हात विजेत्याची अंगठी घेऊन निवृत्त झाले असते. २२ ऑक्टोबर २०१७ला टेनेसीविरुद्ध दंडाचा स्नायू फाटून त्याची सलग स्नॅपची मालिका तुटली. ब्राउन्स त्या वर्षी सोळाही सामने हरले. २०२३मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, थॉमस कॅन्टनच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. निवडणाऱ्यांनी त्याचं मोल ठरवताना गुणतक्ता बाजूला ठेवला होता.